रिकामं चालणारं मशीन

तिचं खरं नाव आठवायला तिला स्वतःलाही थोडा वेळ लागला असता. गल्लीत सगळे तिला टाचणी म्हणत. अंगानं बारीक आहे म्हणून म्हणत असतील असं नव्या माणसाला वाटे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण नावाचं मूळ तिच्या तोंडात होतं. कापड अंगावर धरून बेतायचं तर टाचण्या हाताशी लागतात आणि देवानं हात तर दोनच दिलेले, म्हणून ती टाचण्या ओठांत धरी. अशा वेळी ती जे काही बोले ते तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आणि पाव शब्दात. "बाही?" म्हणजे बाही केवढी ठेवू. "सैल?" म्हणजे पुढच्या वर्षी आणखी जाड व्हायचा विचार आहे का. गिऱ्हाइकांना वाटे, बाई किती शहाणी, किती मोजकं बोलते. सासू म्हणे, "शहाणी कसली? तोंड उघडलं तर गिळेल म्हणून गप्प आहे."

सासू ही टाचणीची एकमेव स्थावर मिळकत. नवरा घर सोडून गेला तेव्हा घड्याळ घेऊन गेला, रेडिओ घेऊन गेला, दोन चादरींतली बरी चादर घेऊन गेला, आणि आई तेवढी ठेवून गेला.

"बायको धड असती तर गेला नसता," सासू म्हणायची.

"आई धड असती तर बरोबर घेऊन गेला असता," सून म्हणायची.

हे बोलणं इतक्या वर्षांत इतक्या वेळा झालं होतं की त्यातला राग केव्हाच वाहून गेला होता. आता ते दारावरच्या पायपुसण्यासारखं झालं होतं. येताजाता पाय पुसायचे आणि आत जायचं. ज्याच्यावरून भांडायचं तो माणूस गेला आणि त्या दोघी एकमेकींना राहिल्या.

राहायला एकच खोली होती. दुमजली जुनं घर. खाली एक अरुंद बोळ आणि बोळात दोन खोल्या: पुढची एका केस कापणाऱ्या बाईची, जिला सगळे केसवाली म्हणत, आणि मागची या दोघींची. वर पुढच्या बाजूला घरमालकिणीची मुलगी आणि जावई. मागच्या बाजूला, म्हणजे बरोबर या दोघींच्या डोक्यावर, स्वतः घरमालकीण. तिला गल्लीत 'वरच्या बाई' म्हणत. मधलं छत लाकडी होतं आणि फळ्यांत फटी होत्या. वरच्या बाई सकाळी झाडू मारायला लागल्या की खाली चहाच्या कपावर हात ठेवावा लागे. पण खिडकीतून उजेड चांगला येई, सुईत दोरा ओवायला चष्मा पुरत असे, आणि पायानं चालवायचं जुनं मशीन त्या खिडकीखाली असं बसलं होतं की जणू आधी मशीन ठेवलं आणि मग भोवती घर बांधलं.

सासूला खोकला होता. तो आजार नव्हता, स्वभाव होता. तरुणपणी ती कापूस पिंजायच्या गिरणीत होती, आणि गिरणीनं पगाराखेरीज तिला दिलेली ती एकच वस्तू. डॉक्टर लोकांनी छाती ऐकून, पाठ ठोकून, "राहू द्या आता" असं सांगितलं होतं. केसवाली म्हणायची, "आजी, तुमच्यामुळे गजर लावावा लागत नाही मला." खोकला सकाळी यायचा, दुपारी जेवणानंतर यायचा आणि कोणी तिच्याशी वाद घालायला लागलं की हमखास यायचा.

मग साथ आली, आणि गल्लीत ज्या खोकल्यावर घड्याळं लावत तो खोकला एका आठवड्यात गुन्हा झाला.

साथ आली तसा सरकारी हुकूमही आला. जोवर साथ आहे तोवर कोणत्याही भाडेकरूला घराबाहेर काढायचं नाही. ज्यांचं काम बंद पडलंय त्यांचं भाडं थांबवायचं. जावयानं तो हुकूम स्वतःच्या हातानं बोळाच्या दारावर चिकटवला. चांगला चारी कोपऱ्यांना खळ लावून. तो सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस होता. बाई दिसली की ताई, म्हातारी दिसली की आजी. एका ठोक औषधविक्रेत्याला गोदामासाठी तळमजला हवा होता आणि औषधांना तर त्या दिवसांत सोन्याचा भाव. पण जावयानं कोणाला 'जा' म्हणून म्हटलं असं गल्लीत कोणी सांगू शकलं नसतं.

केसवालीला ताप आला. दोन दिवस तिनं दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी जावयानं फोन केला आणि साथीची पांढरी गाडी आली. नेताना जावई बोळात उभा राहून म्हणाला, "काळजी करू नका ताई, खोलीचं आम्ही बघतो." आणि बघितलंच त्यानं. खोली औषध मारून स्वच्छ केली. केसवालीचा मोठा आरसा, फिरती खुर्ची, कपड्यांचं बोचकं जिन्याखाली नीट रचलं, वर निळं प्लास्टिक घातलं आणि दाराला नवं कुलूप लावलं. ती बरी होऊन आली तेव्हा तो जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच बोलला, "बरं वाटलं हो ताई तुम्हाला बघून. पण घरात म्हातारं माणूस आहे, कसं करायचं?"

"हुकूम आहे की काढायचं नाही म्हणून."

"मी कुठं काढलं? तुम्ही गेलात."

केसवाली बराच वेळ कुलपाकडे बघत उभी होती. टाचणीनं तिला आत बोलवायला दाराची कडी काढली, तेवढ्यात मागून सासूनं तिचा हात धरला. केसवाली गेली. कोणी म्हणे बहिणीकडे, कोणी म्हणे बसस्टँडवर झोपलेली बघितली. टाचणीला त्या दिवसानंतर कडी काढता-लावताना हात जड वाटू लागला.

आता खाली एकच खोली उरली होती. जावई बोळातून जाताना दाराशी किंचित थबकायचा. कान देऊन नव्हे, अगदी सहज, चपलेत खडा गेल्यासारखा.

अशा वेळी सासूचा खोकला कुठं ठेवायचा? उशीत तोंड घालून बघितलं, टॉवेल चावून बघितला, कोमट पाण्याचे घोट घेतले. "तू म्हण तर श्वासच बंद करते," सासू म्हणाली. "त्याला बोलवायची गरज नाही मग, गाडी थेट स्मशानात." शेवटी उपाय सापडला तो आपोआप. एकदा टाचणी शिवत असताना सासूला ढास लागली आणि टाचणीच्या लक्षात आलं की मशीनच्या घरघरीत ती तिलाच नीट ऐकू आली नाही. झालं. तेव्हापासून ठरलं: खोकला घशाशी आला की सासूनं बोट वर करायचं, शाळेतल्या पोरासारखं, आणि सुनेनं पाय मारायचा.

सुरुवातीला काम होतं म्हणून हे निभलं. साथीच्या केंद्रात दोन खाटांच्या मधे लावायला हिरवे पडदे हवे होते आणि एका कंत्राटदारानं त्यांचा गठ्ठा टाचणीकडे टाकला होता. सासू पडद्याला हात लावून बघायची. "आपल्या खाटेचा एक शिवून ठेव," म्हणायची, "आयत्या वेळी आखूड नको पडायला." पडदे संपले. दुसरा गठ्ठा आला नाही. लग्नकार्यं बंद, शाळा बंद, कपडे शिवायला टाकणार कोण? पण खोकल्याला कामाशी काय देणंघेणं? तो आपल्या वेळेवर येतच राहिला आणि टाचणी मशीन चालवतच राहिली. रिकामं.

शिवणाऱ्या बाईला रिकामं मशीन चालवायला सांगणं म्हणजे स्वयंपाकिणीला चुलीवर कोरडं पातेलं ठेवायला सांगणं. दोरा काढायचा, नाहीतर खाली गुंता होतो. कापड दाबणारा पाय वर उचलून ठेवायचा, नाहीतर खालचे दात झिजतात. आणि मग हवेत शिवत बसायचं. पहिल्या दिवशी तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी सवय झाली. सासूचं बोट कधी वर जाईल याचा नेम नाही, म्हणून ती पुढं पुढं बोटाची वाट बघेनाशी झाली. दिवसभर चालवायची.

आणि इथंच ती फसली.

"ताई, काम जोरात दिसतंय," एका सकाळी जावई दारात उभा राहून म्हणाला.

टाचणीच्या ओठांत एकही टाचणी नव्हती, तरी ती डाव्या कोपऱ्यातून बोलली. "आहे थोडं."

"थोडं? अहो, सकाळी चहा घेतो तेव्हा घरघर, दुपारी पडतो तेव्हा घरघर. आमच्या हिला म्हटलं, बघ, साथ असो काही असो, कष्ट करणाऱ्याला मरण नाही."

टाचणीनं रिकाम्या सुईवर हात ठेवला.

"नाही, तुम्हीच म्हणाला होता ना, काम बंद आहे, भाडं थांबवा. आम्ही थांबवलं. माणुसकी आहे. पण हुकूम कोणासाठी आहे? काम बंद असलेल्यांसाठी. चालू असून जे देत नाहीत त्यांच्यासाठी नाही." तो हसला. "महिनाअखेर सगळं एकदम द्या. नसेल जमत तर वॉर्डाची समिती आहे, ते ठरवतील. साक्षीला अख्खी गल्ली आहे, सगळ्यांनी मशीन ऐकलंय."

तो गेल्यावर टाचणीनं दाराला कडी लावली. काम आहे म्हणावं तर तुंबलेलं भाडं आणायचं कुठून? काम नाही म्हणावं तर मशीन का चालतं ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की पांढरी गाडी. आडातून निघायला जो दोर धरला होता तो विहिरीत घेऊन जात होता.

"खरं सांग त्याला," सासू म्हणाली. "रिकामं आहे म्हण."

"आणि का चालवते विचारलं तर?"

"सासूची कटकट ऐकू येऊ नये म्हणून चालवते म्हण. पटेल त्याला. तोही सासूच्याच घरात राहतो."

टाचणीला हसू आलं नाही. तिनं मशीनवर खोळ घातली. काही झालं तरी आता चालवायचं नाही. दुपारी सासूला ढास आली तेव्हा तिनं टॉवेलाचा बोळा तोंडात धरला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि ती निभावून नेली. तेवढ्यात वरून आवाज आला. ठक, ठक. काठीनं फळी ठोकल्याचा. फटीतून धूळ पडली. थोड्या वेळानं पुन्हा, जरा जोरानं.

"ऐकलं तिनं," सासू म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "टॉवेलातूनसुद्धा ऐकलं. आता झालं."

"खोकला नव्हे, मशीन. इतके दिवस डोक्याखाली चालवतेय मी. त्रास झाला असेल त्यांना." टाचणी उठली. "मी जाऊन पाया पडून येते. जावयाच्या आधी त्यांना सांगितलेलं बरं."

मागच्या बाजूला एक अरुंद लाकडी जिना थेट वरच्या बाईंच्या खोलीकडे जायचा. टाचणी चपला हातात घेऊन चढली. दार तळहाताएवढं उघडलं. आत वेदनाशामक मलमाचा उग्र वास. वरच्या बाई काठी धरून उभ्या होत्या, अंगावर भर दुपारी शाल.

"बाई, चुकलं माझं. मशीनचा त्रास होतो, कळतंय मला. बंद केलंय आता, परत नाही चालवणार."

"म्हणून तर ठोकतेय," वरच्या बाई म्हणाल्या. "बंद का केलंस?"

टाचणीनं चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"काम नाही ना? ठाऊक आहे मला. पडदे संपले त्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं माझ्या पायाखाली तुझं मशीन चालतंय, मला कळणार नाही? कापड असलं की ते थांबतं, वळतं, जाड शिवणीवर कण्हतं. आता नुसतं पळत सुटलंय. म्हातारीच्या खोकल्यासाठी चालवतेस ना?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो."

"मग माझ्यासाठीही चालव."

एवढं म्हणून वरच्या बाई वळल्या, खाटेवरची उशी उचलली आणि त्यात तोंड खुपसून खोकल्या. टाचणी नकळत एक पायरी खाली उतरली.

"बाई, ताप आहे? डॉक्टरला..."

"डॉक्टर म्हणजे फोन आणि फोन म्हणजे गाडी. केसवाली गाडीत चढली ते मी या खिडकीतून बघितलं. परत आली तेही बघितलं. मला एकदा नेलं की याही दाराला तसंच कुलूप."

"पण घर तुमच्या नावावर आहे."

"नाव माझं, किल्ल्या त्याच्या." त्या दम घ्यायला थांबल्या. "तू मशीन चालव. भाड्याचं मी बघते. मी आहे तोवर तुझ्या खोलीला कोणी हात लावणार नाही."

आणि त्यांनी शब्द पाळला. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा आवाज वरून खाली स्पष्ट आला. "जावईबापू, मागच्या खोलीचं भाडं मला पोचलंय. समिती-बिमिती काही नको." जावई 'बरं' म्हणाला. इतक्या लगेच 'बरं' म्हणेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. टाचणीच्या जिवात जीव आला. फक्त 'मी आहे तोवर' हे तीन शब्द तिला अंथरुणात टोचत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मशीन दोन खोकल्यांसाठी चालू लागलं. खाली बोट वर झालं तरी, वरून ठक झालं तरी. कधी कधी दोन्ही एकदम. "तिचा खोकला मालकिणीचा म्हणून पहिला," सासू कुरकुरायची. "आम्ही भाडेकरू, आम्ही मागनं खोकायचं." पण ही चेष्टा फार दिवस टिकली नाही. सासूनं जन्मभर खोकला ऐकला होता, स्वतःचा आणि गिरणीभर बायांचा. ती मान तिरकी करून फळ्यांकडे बघत ऐकायची आणि गप्प व्हायची.

"हा माझ्या जातीचा नाही," एक दिवस ती म्हणाली.

ठकठक हळूहळू मऊ होत गेली. सकाळी चहात धूळ पडायची बंद झाली. वर कोणी झाडू मारत नव्हतं. मुलगी दाराबाहेर ताट ठेवायची आणि "आई, जेवलीस?" असं लांबूनच विचारायची. आतून "भूक नाही" असं यायचं, मग नुसतं "हं" यायला लागलं. ताट तसंच उचलून नेल्याचा आवाज व्हायचा. जावई मात्र त्या दिवसांत फारच चांगला वागत होता. भाड्याचं नाव नाही, दाराशी थबकणं नाही. बोळात गाठ पडली की म्हणायचा, "चालू द्या ताई, चालू द्या."

"आपण सांगू या का कोणाला?" टाचणी म्हणाली.

"सांग. आणि येताना बोचकं बांधायला सुतळी घेऊन ये."

टाचणी परत मशीनवर बसली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि पायाला लाज वाटत नव्हती, तो आपला चालत होता. सासू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बऱ्याच वेळानं ती तशीच, वळून न बघता, बोलली.

"गिरणीत माझ्या शेजारी एक बाई होती. असाच खोकायची, खोल. मुकादमाला कळलं तर काढून टाकील म्हणून आम्ही सगळ्याजणी मिळून झाकायचो. तिला ढास आली की मोठ्यानं गाणं म्हणायचो. फार छान झाकलं आम्ही. मुकादमाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही."

"मग?"

"मग काय? एका सकाळी झाकायला काही उरलं नव्हतं."

टाचणीचा पाय मंद झाला, पण थांबला नाही.

तपासणीवाली दर आठवड्याला यायची. सरकारी कामावरची तरुण मुलगी, कपाळाला लांबून ताप बघायचं यंत्र, बोटाला लावायचा चिमटा आणि उन्हानं रापलेला चेहरा. ती एरवी दारातून दोन प्रश्न विचारून पुढं जायची. त्या दिवशी ती बोळात शिरली तेव्हा जावई तिच्या बरोबरच जिना उतरून आला. मशीन चालूच होतं.

"वर कोण कोण आहे?" तपासणीवालीनं विचारलं.

"मी, आमची ही आणि सासूबाई. सासूबाई झोपल्यात. सगळे ठणठणीत."

वरून काठी वाजली. वाजली म्हणण्यापेक्षा घासली. टाचणीनं वेग वाढवला. मशीनखालची जमीन थरथरायला लागली. तपासणीवालीनं काहीतरी विचारलं ते तिच्या तोंडाच्या पट्टीच्या आतच राहिलं.

"मशीन जरा थांबवता का?" ती ओरडून म्हणाली. "ऐकू येत नाही काही."

"असू द्या हो," जावई म्हणाला. "कष्टाची माणसं आहेत. चालू द्या ताई, चालू द्या."

हे म्हणताना त्याची नजर तपासणीवालीकडे नव्हती, टाचणीकडेही नव्हती. ती वर होती. फळ्यांकडे. आणि टाचणीला एकदम कळलं. त्याला माहीत होतं. केव्हापासून कोण जाणे, पण त्याला माहीत होतं की वर कोण खोकतंय आणि कसं खोकतंय. म्हणून तो भाड्याला लगेच 'बरं' म्हणाला होता. केसवालीला गाडी पाठवणाऱ्या माणसानं इथं फोन केला नव्हता, कारण गाडीत गेलेलं माणूस परत येऊ शकतं. त्याला फक्त वाट बघायची होती. आणि ती वाट बघण्याचा आवाज कोणाला जाऊ नये म्हणून ती, टाचणी, दिवसभर पाय मारत बसली होती. फुकट.

मशीन थांबलं तर खोली गेली, हेही तिला त्याच क्षणी कळत होतं. वरच्या बाईंशिवाय या घरात त्यांचं कोणी नव्हतं.

तिनं पाय उचलला. चाक आपल्या जोरानं चार फेरे फिरलं आणि राहिलं.

घर एकदम एवढं शांत झालं की सगळ्यांनी माना वर केल्या. वरून आवाज आला. त्याला खोकला म्हणायचं म्हणून म्हणायचं. मधेच तुटायचा, मग खूप वेळ काही नाही, मग ओल्या दोरीनं काहीतरी ओढल्यासारखा श्वास.

"ही खालचीच आजी," जावई पटकन म्हणाला. "जुना खोकला आहे हिला. हिला बघा तुम्ही आधी."

आणि नेमकी त्याच वेळी सासूलाही ढास लागली. तिनं टॉवेल शोधला नाही. मोकळेपणानं, पोटभर, गिरणीच्या भोंग्यासारखी खोकली, तोंड पुसलं आणि बोट वर केलं. सवयीनं केलं असेल, पण ते बोट फळ्यांकडे होतं.

"माझा खोकला म्हातारा आहे, तो कुठं पळून जात नाही," ती म्हणाली. "पोरी, तू आधी वर जा."

"मागून जिना आहे," टाचणी म्हणाली. तिचा आवाज तोंडाच्या मधोमध आला. "मी दाखवते."

पुढचं सगळं भराभर झालं. चिमट्यावरचा आकडा बघून तपासणीवालीनं फोन लावला. वरच्या बाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. मुलगी जिन्यात तोंडाला हात लावून उभी होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती. बोळातून जाताना वरच्या बाईंनी टाचणीकडे बघितलं. बोलायला त्यांच्याकडे श्वास नव्हता, आणि त्या बघण्याचा अर्थ टाचणीनं पुढं कितीतरी वेळा लावून बघितला. कधी तो एक निघायचा, कधी दुसरा. सासूचं बोट चिमट्यात घालून झालं. तिचा आकडा बरा निघाला. "आजी, तुम्ही इथंच थांबा," तपासणीवाली म्हणाली. सासूनं तेवढंच ऐकलं आणि मान हलवली.

तपासणीवालीनं आपला नंबर दिला होता. सकाळी टाचणीनं गल्लीच्या टोकाच्या दुकानातून फोन केला. "आहेत," पलीकडून आवाज आला. "नळी लावलीय. आज काही सांगता येणार नाही. कालचा दिवस गेला असता तर..." पुढचं तिनं पुरं केलं नाही.

टाचणी घरी परतली तर जावई दारात उभा होता. मागं त्याची बायको. तिचे डोळे सुजले होते.

"काय म्हणतात सासूबाई?" त्यानं विचारलं. त्यालाही फोन आला असणारच.

"आहेत."

"छान, छान. तुमचे उपकार आहेत ताई, वेळेवर लक्षात आणून दिलंत." तो आत आला. त्यानं खोली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बघितली. मग त्याची नजर टाचणीच्या गळ्यात लोंबणाऱ्या टेपवर आली. "जरा टेप देता का?"

"ही कापडाची आहे," टाचणी म्हणाली. "भिंतीला चालत नाही."

तो मनापासून हसला, वर गेला आणि लोखंडी टेप घेऊन आला. एक टोक त्यानं बायकोच्या हातात दिलं. तिनं ते भिंतीशी धरलं आणि मान खाली घातली. टेप खाटेखालून, मशीनच्या पायांवरून करकरत गेली.

"बाई यायच्यात अजून," खाटेवरून सासू म्हणाली.

"येतील की, आजी. आलंच पाहिजे त्यांनी. मी काय म्हणतोय का काही? नुसतं माप घेतोय. माप घेतल्यानं काय होतं? ताईंना विचारा, त्या जन्मभर घेतायत."

माप घेतल्यावर कापड किती दिवस कापल्याशिवाय राहतं ते तिला विचारायची गरज नव्हती.

लांबी झाली. आता रुंदी. खाट भिंतीला लागून होती आणि सासू खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून.

"आजी, पाय जरा वर घ्या," जावई गोड आवाजात म्हणाला.

सासूनं पाय वर घेतले नाहीत. तिला ढासही लागली नाही. ती त्याच्याकडे नुसती बघत बसली. तो क्षणभर थांबला, मग त्यानं टेप तिच्या घोट्यांवरून ओढून नेली, आकडा बघितला आणि तिच्यासकटच जागा मोजली.